रेडिओमावशीचा अबोला

"मेला हा सिमेंटचा ट्रक! पुढे पळत नाही नि बाजूलाही सरत नाही. नव्या जावयासारखा मधोमध ठाण मांडून बसलाय," मावशी पुटपुटली.

उस्तादाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गिअर खाली घेतला. त्यांचा ट्रक घरघरला, जरा हिसका देऊन संथ झाला.

"मागचा दिवा तरी धड असावा की नाही माणसाचा? आणि दरीच्या अंगाला एवढी जागा पडलीय, ती काय मुंज्याला सोडलीय का? थांबा, ही बस एक कुठे उधळलीय समोरून. जरा धीर नाही या लोकांना. गेली बाई एकदाची. आता बघा, पार त्या वळणापर्यंत कुत्रं नाही रस्त्यावर. आपण मात्र याच्या धुरात मरायचं."

उस्तादाने हॉर्न दिला, ट्रक दरीच्या अंगाने बाहेर काढला आणि सिमेंटवाल्याला सुखरूप मागे टाकलं.

"किती गं बोलतेस," तो म्हणाला.

"तोंड दिलंय देवाने, त्याला काय कुलूप लावू?"

त्या सगळ्या घाटरस्त्यावर तिला रेडिओमावशी म्हणत. तिचं कौतुक म्हणून नव्हे. चहाच्या टपरीवर, वजनकाट्यावर, टायरवाल्याकडे, जिथे म्हणून त्यांचा ट्रक थांबे तिथे लोकांना आधी मावशीचा आवाज ऐकू येई आणि मग इंजिनाचा. "रेडिओ आला बघा," असं म्हणून लोक हसत. बिचारा उस्ताद, दिवसभर ही कटकट ऐकत गाडी चालवतो, म्हणजे केवढी सहनशक्ती, असंही म्हणत. मावशी ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. सहनशक्तीचं श्रेय नवऱ्याला गेलं तर गेलं. खरं काय ते बाहेर जाण्यापेक्षा बरं.

खरं हे होतं, की उस्तादाला समोरचं दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेचं दिसे. डोंगराची भिंत, दरीच्या बाजूचे पांढरे दगड, आभाळाचा तुकडा, हे सगळं जिथल्या तिथे असे. पण ज्याच्याकडे बघावं, तेवढंच नेमकं नाहीसं होई. मावशीच्या ध्यानात हे आलं ते वेगळ्याच कारणाने. काही वर्षांपूर्वी तो तिच्याशी बोलताना तिच्या कानाकडे बघायला लागला. आधी तिला वाटलं, कानातली नवीन घेतलीत ती आवडली वाटतं. इतक्या वर्षांनी नवऱ्याला आपल्या कानातलं दिसलं म्हणून ती दोन दिवस खुशीत होती. मग तो शेजाऱ्याशीही त्याच्या कानाकडे बघूनच बोलायला लागला. शेजाऱ्याच्या कानात काही नव्हतं. मग तो वर्तमानपत्र नुसतंच चाळू लागला, आणि "त्यात काय असतं वाचण्यासारखं" असं म्हणून घडी घालू लागला. मग एकदा दारात उभ्या असलेल्या सख्ख्या मेहुणीला त्याने "कोण पाहिजे?" असं विचारलं. मेहुणी हसली, आत आली, तिला वाटलं भावोजी थट्टा करताहेत. मावशी हसली नाही.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," असं म्हणत तिने त्याला ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, मग खुर्ची पुढे ओढून नीट समजावून सांगायला सुरुवात केली, तर हा उठलाच. "गाडी चुकीच्या जागी लावलीय, बघून येतो," म्हणाला. उरलेलं सगळं मावशीने एकटीने ऐकलं. मधलं जातंय, कडेचं राहील. गेलेलं परत येत नाही. गाडी चालवणं आजपासून बंद. ती बाहेर आली तेव्हा उस्ताद ट्रकला टेकून उभा होता.

"काय म्हणाला?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या कानाकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता, की पुढे काही बोललं असतं तर तो तिथेच मोडून पडला असता.

"म्हणाला, उन्हात टोपी घाला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तो उन्हात टोपी घालू लागला. विषय संपला.

त्याच सुमारास क्लीनर काम सोडून गेला होता. "नवीन मिळेपर्यंत चार दिवस मी येते बसायला," असं मावशी म्हणाली. पहिल्याच दिवशी गावाबाहेरच्या नाक्यावर एक हातगाडीवाला रस्ता ओलांडत होता आणि उस्तादाचा पाय काही ब्रेककडे जाईना. "अगं बाई, या हातगाडीवाल्याला काय मुहूर्त सापडला!" मावशी ओरडली, आणि पाय गेला. हातगाडीवाला पार झाला. उस्तादाने घाम पुसला, मावशीने पदर सारखा केला, आणि मग तिने पुढचं जे जे दिसेल त्याला त्याला नावं ठेवायला सुरुवात केली. ते चार दिवस इतकी वर्षं झाली तरी अजून चालूच होते.

"पुढे खड्डा आहे, डोंगराकडून घ्या," असं तिने कधी सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर त्याने स्टेअरिंग सोडून दिलं असतं आणि तिला खाली उतरवलं असतं. खड्ड्याला शिव्या घातल्या की चालत असे. बायकोने कुरकुर करणं हा तिचा हक्क होता, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा त्याचा. या दोन हक्कांच्या जोरावर एवढा मोठा ट्रक डोंगर चढत होता नि उतरत होता.

घरच्यांचंही असंच. धाकटा दीर माल मिळवून देण्याचं काम पाही. तो हल्ली दादाला फक्त दिवसाउजेडीची खेप देई आणि तीसुद्धा याच एका रस्त्याची. विचारलं तर म्हणे, "दादाचे गुडघे. रात्रीचं झेपत नाही त्याला." गुडघे ठणठणीत होते. लेकीने बापाच्या फोनमधली अक्षरं एवढी मोठी करून दिली होती, की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावे. विचारलं तर म्हणे, "नव्या फोनमध्ये असंच असतं बाबा." सगळे इतके जपून वागत होते की कुणाला वाटावं, घरात एखादं मूल झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही.

फक्त मावशी थकली होती. कुणी विचारलं असतं तर कुठे दुखतं ते तिला सांगता आलं नसतं. मान दुखे, कंबर दुखे, घसा तर कायमचा बसलेला, गालात लवंग धरल्याशिवाय आवाज फुटत नसे. पण खरा थकवा डोळ्यांचा होता. दोन माणसांसाठी बघायचं म्हणजे पापणी मिटायची सोय नाही. घरी आली तरी तिची नजर मोकळी होत नसे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना तिच्या तोंडून निघून जाई, "हे स्टूल मेलं कुणी ठेवलं वाटेत." आणि मग ध्यानात येई की मागे कुणीच नाही.

आजच्या ट्रकमध्ये कमोड होते. घाटापलीकडे एक मोठं हॉटेल बांधून होत आलं होतं, त्याच्यासाठी कमोड नि बेसिनं, पेंढ्यात आणि पुठ्ठ्यात गुंडाळलेली. सकाळी गोदामात माल चढताना मावशी म्हणाली होती, "शोभेल हो आपल्याला. एवढी वर्षं डोंगर चढतोय ते काय नेऊन पोचवायला, तर हे." हमाल पोट धरून हसले होते. उस्तादही हसला होता, आणि त्याने तिच्या कानाकडे पाहून मान हलवली होती.

चढ संपला तिथे, खिंडीच्या तोंडावर, टपरी होती. पत्र्याच्या आडोशाला दोन बाकडी आणि सतत फुरफुरणारा स्टोव्ह. टपरीवाली मावशीच्याच वयाची, नवरा नसलेली, जिभेला धार असलेली. तिने न विचारता दोन ग्लास पुढे केले. मावशीने उस्तादाचा ग्लास उचलून बाकड्यावर त्याच्या हाताच्या कडेला ठेवला. समोर ठेवला असता तर त्याने चाचपडलं असतं. हे इतकं सवयीने होई की तिचं तिलाही कळत नसे.

"आज माझी एक बातमी आहे," उस्ताद म्हणाला. तो खुशीत होता. टोपी मागे सरकवून त्याने चहाचा घोट घेतला. "हॉटेलवाल्यांनी बस घेतलीय. त्यांच्या कामाच्या माणसांना खालच्या गावातून वर आणायचं नि संध्याकाळी सोडायचं. रोजचं. ड्रायव्हर मी."

मावशीचा ग्लास ओठांपाशीच राहिला.

"बस? म्हणजे माणसं?"

"मग काय कमोड? माणसंच. चाळीसेक असतील."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हो म्हणालो. मॅनेजर म्हणाला, या घाटात तुमच्याएवढा मुरलेला माणूस नाही. पुढच्या आठवड्यात बस येतेय."

टपरीवाली स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, "वा उस्ताद! बढती झाली म्हणायची. आणि आमच्या रेडिओचं काय? कंडक्टर का?"

"छे! बसमध्ये बायकोला बसवायची परवानगी नाही," उस्ताद हसून म्हणाला. "हिला आता घरी आराम. आणि मला पण. कानांना जरा सुट्टी मिळेल."

टपरीवाली खो-खो हसली. चूक तिची नव्हती, वाक्य हसण्यासारखंच होतं. उस्तादही हसला. मावशीने ग्लास खाली ठेवला. चहा अर्धा होता.

"बाजूला या जरा," ती म्हणाली.

दोघं ट्रकच्या मागच्या बाजूला गेली. वारा सुटला होता. मावशीने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"नाही म्हणून सांगा त्यांना."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तू सांग."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. सांगायला फार काही नव्हतं, दोनच शब्द होते. पण ते इतके दिवस आत राहिले होते की त्यांना वरची वाट सापडेना. उलट तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी नसताना जमणार आहे का तुम्हाला?"

झालं. उस्तादाचा चेहरा लालबुंद झाला.

"तू यायच्या आधी मी चालवतच नव्हतो वाटतं? आख्खी जवानी गेली या घाटात माझी. प्रत्येक वळण झोपेत सांगीन. तू काय करतेस गं? शेजारी बसून लोकांना नावं ठेवतेस! जगात कुणाच्या बायकोने एवढी बडबड केली नसेल. कोण सहन करतं? मी करतो!"

आणि तो पुढे जाऊन केबिनमध्ये चढला. पायरीवर पाय बरोबर पडला, दाराची कडी बरोबर सापडली. या ट्रकचा कण न् कण त्याच्या हाताला पाठ होता.

मावशी वळसा घालून आपल्या बाजूने चढली, दार ओढलं, पदर खोचला आणि तोंड मिटलं.

अबोला तिला नवा नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षांत ती अशी काही अबोला धरी, की सासूबाई तिच्या वाटणीचंही बोलून घेत. दिरामार्फत निरोप चालत, मग मुलीमार्फत. "तुझ्या बापाला सांग जेवायला वाढलंय." घराघरांत असतं ते. पण घरातल्या अबोल्याने फार तर आमटी खारट होते. ट्रकमध्ये ती अबोला धरू शकत नव्हती, आणि म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांचं भांडणसुद्धा पुरं झालं नव्हतं. भर रागातही तिला म्हणावं लागे, "आणि हा मेला टँकर बघा." रागाचा सगळा तोरा त्या टँकरखाली जाई.

आज तिने ठरवलं, नाही बोलायचं. बडबड आहे ना? मग होऊ दे सुट्टी कानांना.

फार नाही, उतारावरचं पहिलं वळण येईपर्यंत. तेवढ्यात त्याला कळेल. तो विचारील. नुसतं एवढं म्हणाला, की "पुढे काय आहे गं?", तरी पुरे. मग ती सगळं सांगेल. जन्मभर सांगेल.

पहिलं वळण आलं. उस्तादाने ते हळूच, लोण्यातून सुरी फिरावी तसं घेतलं. दुसरं आलं, तेही घेतलं. मावशीने सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि तोंडातल्या लवंगेचा चावून चावून भुगा केला होता. समोरून एक जीप आली. ती बोलली नाही. जीपवाल्याने हॉर्न दिला, उस्तादाने आवाजावरून ट्रक डोंगराकडे दाबला, जीप गेली. तिसरं वळण, मग तो लांब उतार, मग छोटा पूल. सगळं जिथल्या तिथे होतं आणि त्याच्या अंगात मुरलेलं होतं. मावशीच्या मनात एक विचित्र शंका डोकावली. खरंच दिसत असेल का याला? आपणच उगाच एवढी वर्षं घसा फोडला की काय?

पुलाच्या पलीकडे उस्तादाने घसा साफ केला.

"आज रेडिओ बंद वाटतं?"

थट्टेच्या सुरात म्हणाला. पण मावशीला त्याचा प्रत्येक सूर ठाऊक होता. या थट्टेच्या खाली काहीतरी पातळ, थरथरतं होतं. ते ऐकून तिचं मन क्षणभर विरघळलं, आणि ती बोलणारच होती. पण मग तिला टपरीवालीचं हसणं आठवलं, ती चाळीस माणसं आठवली. नाही. सरळ विचारा. आडून नको. आडून बोलूनच तर इथवर आलोय आपण.

ती गप्प राहिली. त्याने वेग मात्र थोडा कमी केला, एवढं तिने पाहिलं.

आणि मग एक गोष्ट घडली जिचा तिने विचार केला नव्हता. तिला बरं वाटू लागलं.

न बोलण्याने घसा थंडावला. आणि न सांगायचं म्हटल्यावर न बघितलं तरी चालतं, असं डोळ्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. तिची मान हळूच काचेकडे वळली. बाहेर दरी होती. इतक्या वर्षांत तिने ती दरी पाहिलीच नव्हती, फक्त दरीची कड पाहिली होती, तिथले दगड आणि किती वीत जागा उरली ते. आता खाली खोल एक नदी दिसत होती, दोऱ्यासारखी. तिच्या काठाला कुणाचं तरी एकटं घर होतं, त्याच्या छपरावर काहीतरी लाल वाळत घातलं होतं. पलीकडच्या डोंगरावर ढगाची सावली चालली होती, अगदी सावकाश. तिच्यामागे कुणी लागलं नव्हतं. मावशी त्या सावलीबरोबर चालत राहिली. खांदे उतरले, जबडा सैल झाला. अगं बाई, असं असतं होय गाडीत बसणं, तिला वाटलं. लोक असे प्रवास करतात.

तिने पुन्हा समोर पाहिलं तेव्हा वळणाच्या तोंडाशी रस्त्याचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता उकरलेला, अर्ध्यावर दगड मांडलेले, आणि मोकळ्या अर्ध्याच्या बरोबर मधोमध, त्याच्या नजरेला जिथे काहीच नव्हतं तिथे, एक बाई उभी होती. पिवळा चमकता डगला, डोक्याला फडकं, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेलं लाल निशाण.

उस्तादाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"बाई! अहो, बाई आहे! थांबा!"

ब्रेक कचकचून लागला. ट्रकचा मागचा भाग सरकला, पुढची चाकं दगडांवर चढली, आणि काचेतून निमिषभर मावशीला त्या बाईचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. निशाण बघून आजवर सगळे ट्रक थांबले होते ना! मग डोळे नाहीसे झाले. ट्रक डोंगराच्या भिंतीला जाऊन खरवडला आणि बंद पडला. आणि त्या शांततेत मागे कमोड फुटू लागले. एकदम नाही. एक फुटला, मग दुसरा, मग जरा थांबून आणखी एक, कुणी स्वयंपाकघरात रागाने भांडी आपटावीत तसे.

"काय लागलं?" उस्तादाने विचारलं. त्याचे हात अजून स्टेअरिंगवरच होते. "सांग ना, काय लागलं आपल्याला?"

मावशीने दार उघडलं आणि उडीच मारली. या वयात गुडघ्यांनी काय म्हणायचं ते नंतर म्हटलं.

निशाणवाली उकरलेल्या भागात मुरमाच्या ढिगावर बसली होती. ती तिथे कशी पोचली ते तिलाही सांगता आलं नसतं. कोपर सोलवटलं होतं, पायातला एक बूट गेला होता. निशाण मात्र तिने सोडलं नव्हतं. फार तर पंचविशीची असेल. मावशीने तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, हातापायांवरून हात फिरवला, बाजारात भांडं घेताना चीर शोधावी तसा. चीर नव्हती.

"लागलं का गं? बोल ना काहीतरी."

"माझा बूट," ती पोर म्हणाली आणि दातावर दात वाजायला लागले तिचे. मावशीने तिला छातीशी धरलं. दोघीही थरथरत होत्या, त्यामुळे कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

तोवर रस्त्याच्या कामावरचा मुकादम पळत आला. त्याच्यामागून फावडी-घमेली टाकून माणसं. मुकादमाने ट्रक ओळखला आणि त्याचा राग निम्मा झाला.

"उस्ताद? तुम्ही? अहो, तुमच्याकडून असं कसं झालं?"

उस्ताद ट्रकला हात लावत लावत पुढे आला. टोपी कुठेतरी पडली होती. "ब्रेक," तो म्हणाला. "ब्रेक लागला नाही वेळेवर."

"मुरूम सांडलाय ना इथे, घसरतंच," गर्दीतला एकजण म्हणाला.

"उन्हाने डोळे दिपले असतील," दुसरा म्हणाला. "या वळणावर या वेळेला ऊन तोंडावर येतं."

मावशी ऐकत होती. किती चांगले लोक होते सगळे. जो तो येऊन पदरचं एकेक कारण देत होता, आणि उस्ताद प्रत्येकाला मान हलवत होता. इथे मुरूम, ऊन, ब्रेक. घरी गुडघे, नवा फोन, उन्हातली टोपी. सगळ्यांची मिळून एक केवढी गोधडी झाली होती आणि तिच्याखाली ती दोघं किती दिवस झोपून होती. तिचा फोन वाजला. दीर होता. त्याला इतक्यात कुणी कळवलं देव जाणे.

"वहिनी, कुणाला काही झालं नाही ना? हां, मग ब्रेक म्हणायचं. कुणीही विचारलं तरी ब्रेक. कळलं ना? दुसरं काही बोलू नका, तुम्हाला सवय आहे बोलायची."

तिने उत्तर न देता फोन बंद केला.

मुकादम आता निशाणवालीकडे वळला होता. त्याचा उरलेला निम्मा राग कुठेतरी जायला हवा होता.

"आणि तू? काय करत होतीस? कितीदा सांगितलंय, निशाण वर धरायचं! खांद्याला टेकवून गप्पा मारत उभी असणार."

"वर धरलं होतं," ती म्हणाली.

"वर धरलं होतं म्हणे! उस्ताद या रस्त्यावर तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतात. त्यांना दिसलं नसतं?" तो उस्तादाकडे वळला. "काय हो उस्ताद? होतं का निशाण?"

सगळे उस्तादाकडे बघू लागले. वारा पडला होता. ट्रकमधून अजून बारीक बारीक काच तडकल्यासारखा आवाज येत होता.

"निशाण नव्हतं," उस्ताद म्हणाला. "असतं तर मी थांबलो नसतो का?"

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. त्याने मनातल्या मनात तो रस्ता पुन्हा पाहिला असणार, भिंत, दगड, आभाळ, आणि मधे खरंच काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या इभ्रतीवर हात ठेवून तो सांगत होता की तिथे काही नव्हतं.

"ऐकलंस?" मुकादम त्या पोरीला म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस. आणि नशीब समज हे उस्ताद होते. दुसरा कुणी असता तर गेली असतीस आज. पुढच्या आठवड्यापासून आमचीही सगळी माणसं हॉटेलच्या बसने येणार आहेत, उस्तादच चालवणार आहेत ती. त्यात तुझी जागा धरू नकोस म्हणजे झालं."

निशाणवाली रडली नाही. तिने फक्त मावशीकडे पाहिलं, कारण त्या क्षणी काचेतून तिने मावशीलाच पाहिलं होतं आणि मावशीने तिला. तिच्या हातात ते निशाण अजून होतं. दोन्ही मुठींत आवळलेलं.

मावशीला एकदम फार थकल्यासारखं झालं. इतकं, की कुणी सतरंजी घातली असती तर ती तिथेच रस्त्यावर आडवी झाली असती. एक शब्द न बोलता घरी गेलं तर किती सोपं होतं. ट्रक दुरुस्त होईल, कमोड नवे येतील, पोर दुसरीकडे काम शोधेल. आणि पुढच्या आठवड्यात चाळीस माणसं, डबे हातात घेऊन, एकामागून एक पायऱ्या चढून, उस्तादाला नमस्कार करून आपापल्या जागी बसतील. मावशी घरी असेल. आराम करत.

ती उठली. साडीला लागलेला मुरूम तिने झटकला नाही.

"निशाण वर होतं," ती म्हणाली. आवाज बसका होता, पण सगळ्यांनी ऐकला. "दोन्ही हातांनी, डोक्याच्याही वर. मी पाहिलं."

"मग उस्तादांनी कसं..." मुकादम म्हणाला.

"आणि ब्रेक नवे आहेत. गेल्याच महिन्यात बसवलेत. मुरमाचं काही नाही, उन्हाचंही काही नाही."

"अगं, तू गप्प बस," उस्ताद म्हणाला. रागावून नाही. विनवणीच होती ती, आणि इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे केलेली ती पहिली सरळ विनवणी होती. "घरी गेल्यावर बोलू. आता गप्प बस."

मावशी त्याच्याजवळ गेली. त्याचा हात ट्रकच्या चेपलेल्या पत्र्यावर होता, तो तिने काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार पडला होता. मुकादम होता, फावडीवाले होते, ती पोर होती, पण पुढचं तिने त्यांच्यातल्या कुणालाच सांगितलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."